सेंट क्रिस्पिनचं शेवटचं बाक

आमच्या ह्या बेटावरच्या सेंट क्रिस्पिन चर्चचा मी गेली एकोणीस वर्षं वॉर्डन आहे. वॉर्डन म्हणजे फार काही नाही. दारं उघडायची, पंखे लावायचे, दानाची थाळी फिरवायची आणि छप्पर गळलं की सगळ्यांची बोलणी खायची. माझ्या आधी माझे वडील, थोरले स्कीट, हेच काम करायचे. मिस युडोरा गिटन्स चौपन्न वर्षं ज्या शेवटच्या बाकावर बसल्या, तिथं त्यांना पाठवणारे माझे वडीलच. तेव्हा ही हकीकत कुणी सांगायची तर मीच.

आधी आमचा जुना नाताळ सांगतो, कारण तो आता कुठे राहिलाय? डिसेंबर लागला की उसाला तुरे यायचे आणि घरोघरी बायका घासायला बसायच्या. लाकडी घरं आमची, त्यांच्या फळ्या पांढऱ्या पडेपर्यंत घासायच्या. पुरुषमाणसं खाणीतून चुनखडी आणून अंगणात पसरायची. नवे पडदे अगदी शेवटी लावायचे, नाहीतर शेजारीण कापड बघून तसलंच आणायची. ओल्या तुरीचे दाणे, खारं मांस आणि ज्वारीचं पीठ घोटून केलेलं जग-जग, रॉकेलच्या रिकाम्या डब्यात शिजणारा हॅम, लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, ह्या सगळ्याचा मिळून एक वास गावभर हिंडायचा. आणि पहाटे चारला आख्खं गाव पाचच्या उपासनेसाठी टेकडी चढायला लागायचं, नवे बूट दवानं खराब होऊ नयेत म्हणून हातात घेऊन. चर्चच्या भिंतीशी बसून ओल्या फडक्यानं पाय पुसायचे, बूट चढवायचे आणि मग ऐटीत आत शिरायचं. आज सगळे गाडीनं येतात. कुणाचे पाय भिजत नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं आणि मी ते दरवर्षी सगळ्यांना ऐकवतो.

सहासष्ट सालचा नाताळ मला सगळ्यांत लख्ख आठवतो. महिन्याभरापूर्वीच आमचं बेट इंग्रजांपासून स्वतंत्र झालेलं, चर्चच्या दारात नवा निळा-पिवळा झेंडा लावलेला. मी सात वर्षांचा होतो. मिस युडोरा बावीसच्या, आणि त्यांच्या कडेवर चार महिन्यांची आयांथी. लग्न झालेलं नव्हतं. पोरीचा बाप जहाजावर गेला तो गेलाच. त्या काळी अशा लेकराचा बाप्तिस्मा रविवारी, सगळ्यांसमोर करत नसत. आयांथीचा झाला बुधवारी दुपारी. चर्चमध्ये फादर, झाडूवाला आणि आई, एवढीच माणसं. आणि अशा आईनं पुढच्या बाकांवर बसायचं नसे. मिस युडोरांना हे ठाऊक होतं. तरी त्या नाताळला त्या पोरीला घेऊन सरळ गिटन्स लोकांच्या बाकावर, डावीकडच्या दुसऱ्या रांगेत, आपल्या आईशेजारी जाऊन बसल्या.

माझे वडील पितळी टोकाची वॉर्डनची काठी घेऊन त्यांच्यापाशी गेले, वाकले आणि कानात काहीतरी बोलले. मिस युडोरा उठल्या. मधल्या वाटेनं चालत थेट शेवटच्या बाकावर गेल्या. फरशीवर त्यांचे नवे बूट वाजत होते आणि तेवढा वेळ दुसरा कसला आवाज नव्हता. त्यांची आई समोर बघत तशीच बसून राहिली. तिनं मानसुद्धा वळवली नाही.

पुढं दहा वर्षांनी नवे फादर आले. त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं की आता कुणीही कुठंही बसावं आणि सगळ्यांच्या लेकरांचे बाप्तिस्मे रविवारीच होतील. लोकांनी माना डोलावल्या. मिस युडोरा जागच्या हलल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला इथून सगळं दिसतं." आणि दिसायचंही. कुणाच्या झग्याची शिवण उसवलीय, प्रवचनात कोण घोरतंय, कुठलं जोडपं भांडून आलंय. उपासना संपली की फाटकाशी त्या हा सगळा अहवाल द्यायच्या आणि तो ऐकायला लोक उन्हात उभे राहायचे. पोरं तर त्यांच्या बाकावर जागा मिळवायला भांडायची, कारण त्यांच्या पर्समध्ये साखरेत घोळलेल्या चिंचेच्या गोळ्या असायच्या. मीही त्या खाल्ल्यात, वडिलांची नजर चुकवून.

शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. त्यावर आयांथीला वाढवलं, शिकवलं, नर्स करून इंग्लंडला पाठवलं. वेदीवरची वस्त्रं धुणं, त्यांना खळ घालणं, इस्त्री करणं हे काम चाळीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. शनिवारी त्या वेदीपर्यंत जायच्या आणि रविवारी शेवटच्या बाकावर बसायच्या. आई गेली चौऱ्याऐंशी साली. मायलेकी घरात एका टेबलावर जेवायच्या, पण चर्चमध्ये शेवटपर्यंत एका बाकावर बसल्या नाहीत. आम्ही सगळे ह्याला मिस युडोरांची खोड म्हणायचो. मला खरं कारण माहीत होतं, पण मी मूग गिळून बसलो होतो. वडील म्हणजे माझं दैवत. गावातल्या निम्म्या शवपेट्यांना त्यांनी खांदा दिलेला. त्यांच्याबद्दल वावगं मला ऐकवत नसे.

मग दोन हजार वीस साल आलं. ईस्टरला चर्चला कुलूप होतं. वादळात छप्पर उडालं त्या वर्षीसुद्धा जे झालं नव्हतं, ते ह्या आजारानं केलं. पुढं हळूहळू दारं उघडली, पण नाताळाच्या उपासनेला चव्वेचाळीसच माणसं बसवायची असं ठरलं. एक सोडून एक बाक, दोघांत तीन फूट अंतर, तोंडावर मास्क, जागा पुढून भरत न्यायच्या. दाराशी हात धुवायला बेसिन हवं, म्हणून शेवटचं बाक उचलून शेडमध्ये ठेवलं. हा सगळा तक्ता मीच बनवला आणि खरं सांगतो, मला त्याचा फार अभिमान होता. पहिलं नाव लिहिलं मिस युडोरांचं, कारण वयानं त्याच सगळ्यांत मोठ्या. पहिलं बाक वेदीपासून अंतर राहावं म्हणून रिकामं होतं, तेव्हा त्यांची जागा आली डावीकडच्या दुसऱ्या रांगेत. मी लिहून मोकळा झालो.

त्याच आठवड्यात आयांथीचा फोन आला. दर दोन वर्षांनी ती नाताळला यायची. ह्या वर्षी विमानांचं काही खरं नव्हतं आणि तिच्या इस्पितळात माणसं मरत होती. तिला कळलं होतं की उपासना फोनवरून दाखवणार आहेत. आमच्या ऑर्गन वाजवणाऱ्या मिसेस बोर्न खांबाला फोन बांधणार होत्या आणि त्यात डावीकडची पुढची दोन-तीन बाकंच दिसणार होती.

"एव्हर्टन, मम्मीला पुढं बसव," ती म्हणाली. "रात्रपाळी संपवून मी बघायला बसेन. व्हिडिओवर बोलायला गेलं तर ती फोन कानाला लावते. दहा महिने मी तिचा फक्त कान बघतेय."  मी म्हटलं, काळजी करू नकोस, तक्त्यात तुझी मम्मी दुसऱ्या रांगेतच आहे.

दुसऱ्या दिवशी मिस युडोरांकडे गेलो. त्या एकट्याच फळ्या घासत होत्या. मला व्हरांड्यात लांब स्टूल दिलं आणि मी मास्क जरा खाली घेतला. त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं, बोलणाऱ्याच्या ओठांवरून त्या अर्धं ओळखतात. मी तक्ता दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला.

"मागचं बाक कुठाय?"

"काढलं. तिथं बेसिन बसवलंय."

"मग मी घरीच बरी."

मी समजावलं की जागा पुढूनच भरायच्या आहेत, कुणालाच निवडता येणार नाही, नियम आहे.

"नियम," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाच्या तोंडीही हाच शब्द होता. तो म्हणाला मागं जा, तू म्हणतोस पुढं ये. मी काय तुम्हा स्कीट लोकांच्या घरातली खुर्ची आहे, हवी तिकडं सरकवायला?"

मी आयांथीचं नाव काढलं.  त्या म्हणाल्या की आयांथीनं मला घरच्या फोनवर बघावं. मी म्हटलं, फोनवर तिला तुमचा कान दिसतो. त्या म्हणाल्या, कानही माझाच आहे. मी चिडून उठलो, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"एव्हर्टन, मला पुढं बसायचंच नाही असं नाही रे. ते फादर म्हणाले होते, कुणीही कुठंही बसा. ते सगळ्यांना म्हणाले. मला उठवलं तेव्हा मात्र माझ्या एकटीपाशी येऊन उठवलं होतं."

मी तक्त्याची घडी करून खिशात टाकली आणि घरी निघालो. पुढचे चार दिवस मी मेलेल्या माणसाशी भांडत होतो. वडिलांची बाजू मीच मांडायचो आणि मीच ती खोडायचो. तेव्हाचा काळच तसा होता, असं म्हणून बघितलं. पण तेव्हा बावीस वर्षांच्या त्या मिस युडोरांच्या कडेवर चार महिन्यांचं लेकरू होतं आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

नाताळच्या पहाटे साडेचारलाच त्रेचाळीस माणसं जागेवर बसली. दुसऱ्या रांगेतली एक जागा रिकामी होती. मिसेस बोर्ननी फोन सुरू केला. आमचे आताचे फादर कॅडोगन वेदीपाशी उभे, पुस्तक उघडून. पाचला पाच मिनिटं असताना मिस युडोरा दारात आल्या. नवा जांभळा झगा, टोपी, हातमोजे. त्यांनी हातमोजे काढून बेसिनवर हात धुतले, पुन्हा घातले आणि जिथं त्यांचं बाक होतं तिथं, बेसिनशेजारी, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शहात्तर वर्षांची बाई, दीड तासाची उपासना.

कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं, आणि ते कुणी हे सगळ्यांना माहीत होतं. काठी माझ्या हातात होती. ती मी दाराच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली आणि त्यांच्यासमोर अंतरासाठी जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीपाशी जाऊन थांबलो. वडिलांसारखं कानाशी वाकता येत नव्हतं. मी हळू आवाजात बोललो.

"ऐकू येत नाही," मिस युडोरा म्हणाल्या. "तोंडाला फडकं बांधलंयस, ओठ दिसत नाहीत."

मी थोडं मोठ्यानं बोललो. त्यांनी नुसती मान हलवली. माझ्या पाठीमागे त्रेचाळीस माणसं बसलेली, कुणी खोकतही नव्हतं.  मग मी घसा साफ केला आणि बाजारात बोलतात तसं बोललो.

"मिस युडोरा, माझ्या वडिलांनी तुम्हाला इथं पाठवलं ते चुकलं. त्यांनी कधी माफी मागितली नाही. मीही नाही. मला सगळं ठाऊक होतं. मी तुम्हाला बोलवायला आलोय. पुढं चला."

हे वेदीपर्यंत ऐकू गेलं.  मिस युडोरांनी टोपी सारखी केली आणि त्या निघाल्या. मधल्या वाटेनं, सावकाश, आणि मी तीन फूट मागे. माणसं जागच्या जागी उभी राहत गेली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. गिटन्सांच्या बाकापाशी त्या पोचल्या. मला वाटलं, झालं. पण त्या बसेनात. खांबाकडे बघून म्हणाल्या, "ह्यातून आयांथी बघतेय?"

"हो."

"मग आता तिकडं तोंड कर आणि परत सांग. त्या बुधवारी, बाप्तिस्म्याला, तिला कुणी पाहिलं नव्हतं."

मी फोनकडे वळलो. मास्क खाली घेतला, माझाच नियम मोडला. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आहे तसं तिचं पूर्ण नाव घेतलं, आयांथी ग्वेंडोलिन गिटन्स, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.  पाच वाजून गेले, घंटा वाजवायची राहिली. मी बोलत होतो तोवर मिस युडोरा उभ्याच राहिल्या. माझं संपल्यावर त्या बसल्या.