पाहाबाई आणि मंगळाचे दोन चंद्र

विश्वकोशाच्या कचेरीत तिला सगळे पाहाबाई म्हणत. नोंदीच्या शेवटी ‘पाहा: अमुक’ छापलेलं असतं ना, ते अमुक खरोखर जागेवर आहे का, एवढंच तपासायचं तिचं काम. चौतीस वर्षं! चांगली एम.ए. झालेली बाई, पण स्वतःचं एक वाक्य लिहायची मुभा नाही. खोलीला खिडकी नाही, कपाटं छताला टेकलेली. कुणी दार उघडलं की हिने खुर्ची सरकवायची.

निवृत्तीलाही दोन वर्षं उलटली होती. “‘फ’चा खंड तेवढा हातावेगळा करा आणि जा,” म्हणून थांबवून घेतलेली. तिकडे थोरली बहीण एकटी, हिच्यासाठी खोली झाडून वाट बघतेय.

आणि गाडं अडलं शेवटच्या पानांवर. ‘फोबिया: पाहा फोबोस.’ त्याच्याच खाली ‘फोबोस: पाहा फोबिया.’ बाकी अक्षर नाही.

फोबोस हा मंगळाचा एक चंद्र, म्हणून नोंद मागायला ती आधी खगोलवाल्यांकडे गेली.

“चंद्र माझा, कबूल,” ते म्हणाले. “पण नावात भीती आहे. भीती मानसशास्त्राची.”

मानसवाले चहा ढवळत म्हणाले, “भीती माझी, पण शब्द ग्रीक देवाचा. देव आकाशातला. खगोलवाल्यांना सांगा.”

“त्यांनीच पाठवलंय.”

“मग बसा जरा.”

“बसूनच म्हातारी झाले!”

पाच महिने हीच ये-जा. बहिणीचा फोन: “अगं, येतेस की तिथेच छापून घेणार आहेस स्वतःला?”

त्या दुपारी पाहाबाईने स्वतःच पेन उघडलं. लिहिलं: ‘ग्रीकांचा युद्धदेव आरेस. त्याचे मुलगे फोबोस आणि डीमोस बापाबरोबर रणात उतरत. सैन्याची पळापळ करवणारी भीती तो फोबोस. काळजात बसलेली धास्ती तो डीमोस. रोमनांनी आरेसला आपला युद्धदेव मार्स मानलं. मंगळ ग्रहाला मार्सचं नाव, म्हणून त्याच्या दोन चंद्रांना या मुलांची. फोबिया हा शब्दही याच फोबोसपासून.’

प्रमुख संपादकांनी वाचलं. “कुणी लिहिलं?”

“मी. काय बोलायचं ते बोला.”

“झकास आहे हो! इतकं सोपं इथे एकालाही जमत नाही.” त्यांनी सही ठोकली. ती उठली. “थांबा. शेवटी हे काय?”

सवयीचा हात. शेवटी लिहिलं होतं, ‘पाहा: मंगळ.’

“‘म’ तीन खंड पुढे,” संपादक म्हणाले. “मंगळाची नोंद अजून कुणी लिहिलेली नाही. तुम्ही वाचकाला तिकडे धाडलंत, आता तिथे काय ठेवायचं ते तुम्हीच बघा.”

“खोडते ती ओळ.”

“खोडा की.”

तिने पेन टेकवलं. चुकीचे ‘पाहा’ तिने हजारोंनी खोडले होते. हा बरोबर होता. पुढचं जाणून घ्यायला वाचक मंगळाकडेच जाणार, दुसरीकडे कुठे? स्वतःवरच चरफडत तिने पेनाला टोपण लावलं.

“बहिणीला फोन करायचाय,” ती म्हणाली.

“सावकाश करा. खोली तुमची तीच राहील.”