मल्लिनाथमामांनी मोजलेली सव्वीस माणसं

मागच्या डिसेंबरातला पहिला गुरुवार, सकाळी अकरा. रक्कम सहा हजार चारशे रुपये. जागा आमच्या भागातल्या नगरसेवकांचं संपर्क कार्यालय. हजर चौघे: स्वतः नगरसेवक, त्यांचा कार्यकर्ता, मी आणि मल्लिनाथमामा. एवढा तपशील आधी देतो, कारण मामा असते तर त्यांनीही सुरुवात अशीच केली असती... कोण, कधी, किती. मामा आता नाहीत. आमच्यावरच्या खटल्याचा निकाल लागायच्या एकोणीस दिवस आधी, दुपारचं जेवण करून पलंगावर टेकले ते उठलेच नाहीत. मामींनी खिडकीतून हाक मारली तेव्हा मी स्कूटरवर हेल्मेट अडकवत होतो. तसाच धावत गेलो. हात अजून कोमट होता.

मामा म्हणजे आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीतले, समोरच्या घरातले निवृत्त एसटी कंडक्टर. नात्याने कुणाचेच मामा नव्हते, पण पोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. मूळ अक्कलकोटकडचे, घरात मामींशी कानडी बोलायचे आणि बाहेर आमच्याशी मराठी. बत्तीस वर्षं त्यांनी गाडीतली माणसं मोजली आणि निवृत्तीनंतरही ती सवय गेली नाही. लग्नाच्या पंगतीत बसले की दोन बोटं किंचित हलायची आणि हात धुताना सांगायचे, "एकशे बारा. मांडवात दोनशे म्हणून सांगालालेत." खिशात छोटी डायरी असायची. तीत वेळ, आकडा आणि त्या दिवशीचं दूध, गॅस, वर्तमानपत्र.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या गल्लीला सलग अकरा दिवस पाणी आलं नाही. एरवी चार-पाच दिवसांआड येतं, त्याची सवय झालेली आहे. अकराव्या दिवशी मात्र सगळ्यांनी ठरवलं, पाण्याच्या ऑफिसवर जायचं आणि निवेदन द्यायचं. आता माझी चूक सांगतो. मी सूतगिरणीच्या लेखा विभागात काम करतो. कागद नीट नसेल तर मला चैन पडत नाही. निवेदनाला वजन यावं म्हणून मी आदल्या संध्याकाळी रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, पत्ता, मोबाईल, सही. घरोघर फिरून एकतीस सह्या घेतल्या. माझ्या मुलीचीही, केतकीचीही. ती तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. पलीकडच्या गोदूताईंचीही घेतली. त्या शहात्तर वर्षांच्या, खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर पडलेल्या. त्यांनी पडल्या पडल्या सही केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. घोषणा दिल्या, फाटकात बसलो. तेव्हा विरोधी पक्षात असलेले हे नगरसेवकही आले, दहा मिनिटं बोलले, फोटो काढून गेले. माझ्या कागदावर त्यांनी सही केली नव्हती. आत ऑफिसात टेबलाची काच फुटली म्हणे. कुणी फोडली, कधी फोडली, आम्हाला आजही माहीत नाही. चौथ्या दिवशी गुन्हा दाखल झाला: बेकायदा जमाव, सरकारी कामात अडथळा, मालमत्तेचं नुकसान. आरोपी एकतीस. क्रम तोच, माझ्या रकान्यातला. केतकी तिसऱ्या क्रमांकावर, मामा सातव्या. सव्विसाव्या क्रमांकावर गोदूताई, "फाटकावर चढून घोषणा देत होत्या". त्या वेळच्या सत्ताधाऱ्यांना मोर्चा झोंबला होता आणि वरून फोन आला होता असं ठाण्यातलाच एक हवालदार हळूच म्हणाला.

त्या संध्याकाळी मी तोंड लपवून घरात बसलो होतो. मामा आले आणि चप्पल काढता काढताच म्हणाले,

"काय हिशेबवाले, पोलिसांचं काम लई सोपं केलाव की!"

"मामा, थट्टा नको. माझ्यामुळे झालंय सगळं."

"व्हय, तुमच्यामुळंच. आमच्या गाडीत बी तसंच असायचं. तपासनीस आला की फुकट्या मागच्या दारानं पळायचा आणि तिकीट काढलेला खिसे चाचपत बसायचा." मग माझ्या बायकोकडे वळून, "वैनी, च्या टाका. आरोपी नंबर सात आलाय."

माझी बायको संध्या हसली नाही. तिला पुढचं दिसत होतं आणि ते खरंच घडलं. गेल्या वर्षी केतकीची सरकारी रुग्णालयात निवड झाली, पण चारित्र्य पडताळणीत "गुन्हा प्रलंबित" असा शेरा पडला. नेमणूक थांबली. "तुमच्या रकान्यांनी पोरीचं वाटोळं केलं," संध्या म्हणाली.  

मधल्या काळात सरकार बदललं. नगरसेवकांचा पक्ष सत्तेत आला आणि राजकीय आंदोलनातले खटले मागे घ्यायची यादी तयार होऊ लागली. म्हणून तो डिसेंबरातला गुरुवार. कार्यकर्त्याने छापील अर्ज पुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं, आम्ही पक्षाच्या आदेशावरून आंदोलनात उतरलो, झालेलं नुकसान मान्य आहे, सहा हजार चारशे रुपये भरपाई भरायला तयार आहोत. मी मनात भागाकार केला. एकतीस जणांत दोनशे सहा रुपये पंचेचाळीस पैसे. दोनशे सहा रुपयांत माझ्या मुलीची नोकरी. मी पेन काढलं.

मामा शांतपणे म्हणाले, "सायेब, आमी तिथं किती होतो?"

"एकतीस की मामा. कागदावर हाय."

"सव्वीस होतो."

नगरसेवक हसले. "मामा, सरकारी कागदावर एकतीस म्हंजे एकतीस. आता तुमी कंडक्टर न्हाय राहिलाव."

माझं पेन थांबलं. इतकी वर्षं मी बेरीज चुकलेल्या कागदावर सही केलेली नाही. तरी त्या दिवशी केली असती, हे लपवत नाही. जिन्यात मामांनीच सांगितलं, "पोरीचं कळतंय मला. करा सही. मी काय तोंड फिरवणार न्हाय." मी अर्ज घरी नेला. केतकीने तो उभ्याउभ्या वाचला.

"बाबा, यात मी काच फोडली असं लिहिलंय."

"तसं नाही, सगळ्यांनी मिळून..."

"मग माझा वाटा कोणता? कोपरा?" तिने अर्ज दुमडून माझ्या हातात दिला. "थांबते मी."

बारा जणांनी सह्या केल्या, गळ्यात उपरणी घालून फोटो काढले आणि त्यांच्यावरचे खटले मागे घेतले गेले. त्यांतल्या कुणालाही मामांनी एका शब्दाने दुखावलं नाही. रिक्षावाल्या इरण्णाच्या परमिटचं अडलं होतं. त्याला म्हणाले, "बरं केलास, उगं जीव जाळू नको." एकाच गुन्ह्यातले, एकाच फाटकात बसलेले लोक, सही केलेले आंदोलक ठरले आणि न केलेले आम्ही गुन्हेगार राहिलो. आम्ही एकोणीस उरलो.

आमच्या वकीलबाई तरुण, नवी पेठेतल्या कापडदुकानाच्या वर त्यांचं ऑफिस. गोदूताईंचे दवाखान्याचे कागद त्यांनी कोर्टात दिले, तेव्हा सरकारी बाजू म्हणाली, एका नावाची चूक झाली असेल. त्याच दिवशी मामांनी खिशातून ती जुनी डायरी काढली. मे महिन्याचं पान. "१०.४० – सव्वीस. ११.१५ – चोवीस, दोघं रेशनला." वकीलबाई पान बघत राहिल्या. एकतीस नावांतली पाच माणसं तिथे नव्हतीच आणि कोण कोण नव्हतं हे मामांना तोंडपाठ होतं. पण डायरी नुसती देऊन भागणार नव्हतं. मामांना आरोपी असूनही स्वतः साक्ष द्यावी लागणार होती, म्हणजे उलटतपासणीही आली. तिथे एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर सगळ्यांनाच भोवला असता. मामा म्हणाले, "इचारू दे की. इचारल्याशिवाय त्यांना तरी कसं कळंल?"

फेब्रुवारीत साक्ष झाली. मी मागच्या बाकावर होतो, केतकी शेजारी. सरकारी वकिलांनी डायरी दोन बोटांत धरून हलवली.

"तुम्ही आंदोलनाला गेला होता की जनगणनेला?"

कोर्टात हशा पिकला. मामाही हसले. "सायेब, बत्तीस वर्षं मोजल्याशिवाय घंटी मारली न्हाय. सवय हाय."

"ही नोंद तुम्ही मागाहून लिहिली."

"त्याच पानावर गॅसची टाकी आल्याली हाय. एजन्सीची पावती वकीलबाईंकडं दिलीया."

"तुमची मोजणी कधी चुकतच नाही?"

"चुकली की. एकदा होटगीच्या गाडीत एक माणूस कमी भरला. वाकून बघितलं तर शिटाखाली झोपलेला." या वेळी न्यायाधीशांनीही मान खाली घातली.

"घोषणा दिल्या होत्या?"

 मामा म्हणाले, "दिल्या की. पाणी द्या म्हणलं. फाटकात बी बसलो. त्यात खोटं कशाला बोलू? काच मात्र आमी फोडली न्हाय." त्यानंतर तपास अधिकाऱ्यांना पुन्हा बोलावलं गेलं आणि त्यांना कबूल करावं लागलं की जागेवर कुणाचंही नाव विचारलं नव्हतं, नावं निवेदनाच्या यादीवरून घेतली.

निकालाच्या दिवशी शिपायाने नावांचा पुकारा केला. सातव्या नावाला वकीलबाई उठून "मयत" म्हणाल्या. आम्ही अठरा जण निर्दोष सुटलो. मामांच्या बाबतीत मृत्यूमुळे खटला संपुष्टात आल्याचा आदेश झाला. घरी येऊन मी मामींना ते तसंच सांगितलं, गोड करून नाही.

"म्हंजे त्यांना सोडलं न्हाय?"

"कायद्याने मेलेल्या माणसाला सोडत नाहीत, मामी. खटला तिथेच थांबतो."

 मामी म्हणाल्या, "त्यो कागद मला पायजे. पैसे मी देणार."

केतकीची नेमणूक मागच्या आठवड्यात आली. रुजू होण्याआधी ती मामींना घेऊन कोर्टात गेली, मी होतोच. निकालपत्राच्या नकलेचं बाड हातात पडलं तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर मामींनी मला ते वाचायला लावलं. मी पान उलटत गेलो आणि हवं ते वाक्य मोठ्याने वाचलं. आरोपी क्रमांक सात यांची साक्ष उलटतपासणीत डळमळीत झालेली नाही, ती विश्वासार्ह वाटते, घटनास्थळी सव्वीस जण हजर होते असं दिसतं.

"विश्वासार्ह म्हंजे काय?"

"म्हणजे कोर्टाने त्यांचं म्हणणं खरं धरलं."

"मग मोजणी बरोबर होती म्हणा की," मामी म्हणाल्या आणि कागद पिशवीत ठेवला. त्यांच्या घरी तो आता टीव्हीवर मामांच्या शेवटच्या डायरीखाली असतो. दूध आलं की मामी स्वतः डायरीत लिहितात, कानडी आकड्यांत.

भरपाईचे सहा हजार चारशे बारा जणांनी भरले. आम्ही एकोणीस जणांनी भरपाईपोटी काहीही भरलं नाही. निकालपत्राच्या नकलेचे एकशे बारा रुपये झाले, ते कोर्टाच्या नक्कल विभागात भरले. दिले मामींनी.