कॉइल संपेपर्यंत

इंदूरच्या मल्हारगंजातल्या एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी ‘फणसे मोटर वाइंडिंग’ अशी पाटी आहे आणि पाटीखाली स्टुलावर जयसिंगराव फणसे बसलेले असतात. जळलेली मोटर घेऊन कुणी आलं की आधी पोहे झाले का विचारायचं, मग गाव विचारायचं, मग त्या गावातला आपला कोण ओळखीचा आहे ते सांगायचं आणि सगळ्यात शेवटी मोटरकडे बघायचं, ही त्यांची रीत. गिऱ्हाईक जाताना म्हणतं, “भिया, तुम्हारी भरी हुई मोटर पाँच साल देखनी नहीं पडती.” जयसिंगराव मागच्या प्लायवूडच्या आडोशाकडे बोट दाखवून म्हणतात, “हात आतला आहे, माझी फक्त जीभ.” लोकांना तो त्यांचा विनय वाटतो.

त्या आडोशाच्या मागे त्यांच्या पत्नी मंगलाताई बसतात. वय चोपन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर खोचलेला. मोटरमधली जळकी तार खरवडून काढायची, खाचा साफ करायच्या, कागद बसवायचा आणि मग नवी तांब्याची तार मोजून मापून गुंडाळून भरायची, हे काम त्या एकतीस वर्षं करत आहेत. फणशांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. तलवार थोरल्या पातीकडे गेली. धाकट्या पातीतले मारुतीराव, म्हणजे मंगलाताईंचे सासरे, कापडाच्या मिलमध्ये मोटरी सांभाळायला लागले आणि मिल बंद पडल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं. नवी सून क्रोशाचा रुमाल विणताना टाके मोजते आणि घरात कितीही गलका असला तरी चुकत नाही, हे त्यांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात तार दिली.

तार देताना एकच नियम सांगितला. “कॉइल सुरू झाली की बोलायचं नाही. मोजणी मनात चालते. कुणी काही विचारलं तर फेरा विसरतो, फेरा विसरला की मोटर गरम होते, आणि ती कुणाच्या तरी शेतात, ऐन पाण्याच्या वेळी जळते. आपण तिथे नसतो.”

उजव्या हाताने तार गुंडाळायची फिरकी फिरवायची, डाव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं तार धरणार. मोकळी राहते ती डावी करंगळी. म्हणून कुणी मध्येच बोलायला आलं की मंगलाताई करंगळी वर करतात. म्हणजे, थांबा. ही करंगळी सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. गॅसवाला थांबतो, वीजबिलवाला थांबतो. मुलगी विनीता हिचं लग्न ठरायच्या वेळी मुलाचे वडील न कळवता दुकानात आले आणि त्यांनी आत डोकावून “नमस्कार वहिनी” म्हटलं, तर त्यांनाही करंगळीच दिसली. बिचारे पाच मिनिटं स्टुलावर घाम पुसत बसले. त्यांना वाटलं, नकार आला. कॉइल उतरवून मंगलाताई हसत बाहेर आल्या तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. आज ते व्याही स्वतःची मोटर भरायला इथेच आणतात आणि आल्या आल्या गप्प बसतात.

चार महिन्यांपूर्वी, महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात पूर्णिमा दुकानात आली. ती याच गल्लीत वाढलेली. आता सिमरोलच्या रस्त्यावर एक प्रशिक्षण केंद्र आहे, तिथली मुख्य.

“काकू, माझी नौका बुडतेय,” तिने बसल्या बसल्या सांगितलं.

गोष्ट अशी होती. सरकारने त्या केंद्राला पंपाच्या मोटरी भरायला शिकवण्यासाठी मुलींच्या बारा जागा मंजूर केल्या होत्या. फी नाही, येण्याजाण्याचा खर्च मिळणार, आणि नंतर सहा महिने एखाद्या दुकानात उमेदवारी करताना विद्यावेतन. बारा मुली निवडूनही झाल्या होत्या. पण शिकवणाऱ्या मास्तरांना पीथमपूरला कारखान्यात नोकरी लागली आणि ते गेले. महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र असलेल्या शिक्षकाचं नाव कळवलं नाही, तर जागा परत.

“परत म्हणजे कुठे?” मंगलाताईंनी विचारलं.

“दुसऱ्या जिल्ह्याला. आणि काकू, देपालपूरची एक मुलगी आहे, शिवांगी. दरवर्षी बापाबरोबर जळलेली मोटर बसच्या टपावर टाकून इंदूरला येते. तिला गावातच दुकान काढायचंय. ती रोज फोन करते, मॅडम कब से शुरू? मी रोज म्हणते, बस अगले हफ्ते. तुम्हीच शिकवा ना त्यांना.”

“अगं, पण मी अकरावीच शिकलेली. मला प्रमाणपत्र कोण देणार?”

“काम करून शिकलेल्यांसाठी परीक्षा असते. हातकाम आणि तोंडी. वीस तारखेला भोपाळहून परीक्षक येणार आहेत.”

मंगलाताई काही बोलायच्या आत जयसिंगरावांनी स्टुलावरूनच आवाज दिला, “फॉर्म आण गं, मी भरतो!”

त्या दिवसापासून घरात परीक्षा शिरली. पूर्णिमाने दिलेलं पुस्तक घेऊन जयसिंगराव संध्याकाळी ओट्याजवळ उभे राहायचे. मंगलाताई पोळ्या लाटायच्या, हे प्रश्न विचारायचे.

“स्टार्टिंग वाइंडिंगची तार बारीक का असते?”

“कारण तिचं काम क्षणाचं. ढकलून दिलं की झालं. दिवसभर राबते ती रनिंगची, म्हणून ती जाड.”

“बरोबर. पुस्तकात हेच एक पान लिहिलंय.”

“मग पुस्तकवाल्याला म्हणावं, पोळ्या लाट, आपोआप थोडक्यात बोलशील.”

अशी तयारी जोरात झाली. फक्त एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. प्रश्न सगळे पोळ्यांपाशी झाले आणि कॉइल भरणं सगळं दुकानात. दोन्ही एकत्र येऊ शकतात, हे त्या घरात कुणाला सुचणंच शक्य नव्हतं.

वीस तारखेला दोघं केंद्रावर पोचले. दाराशी आधार कार्डाशी जोडलेलं हजेरीचं यंत्र होतं. मंगलाताईंनी अंगठा ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. दुसरा अंगठा, पुन्हा लाल. एकतीस वर्षं तार आणि फिरकीची मूठ घासून घासून बोटांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. मग तर्जनी, मग मधलं बोट. रांगेतली मंडळी मान लांब करून बघायला लागली.

“बघा, तीस वर्षं काम केल्याचा पुरावा, आणि यंत्र म्हणतंय ही बाई कोण!” जयसिंगराव मोठ्याने म्हणाले.

शेवटी डावी करंगळी ठेवली. हिरवा दिवा. या एकाच बोटाने कधी तार धरली नव्हती, ना मूठ.

परीक्षक गोपीनाथ सर सडपातळ, घाईतले गृहस्थ होते. एका दिवसात चौदा जण तपासायचे होते. हातात टॅबलेट. त्यांनी मोटर पुढे ठेवली, तारेचं रीळ दिलं आणि सांगितलं, “मॅडम, बडी कॉइल के चौहत्तर फेरे. शुरू कीजिए.” फिरकीला आकडे दाखवणारा काउंटर होता. मंगलाताईंनी त्यावर कागदाचा कपटा चिकटवला.

“ये क्यों?”

“आकडा दिसला की मन त्याच्यावर टेकतं, सर. मग हात ढिला पडतो.”

फिरकी फिरायला लागली. खिडकीबाहेर जयसिंगराव हात मागे बांधून उभे. बाजूला पूर्णिमा. खोलीत तारेचा बारीक आवाज तेवढा येत होता.

एकतिसाव्या फेऱ्याला गोपीनाथ सर म्हणाले, “आप हाथ चलने दीजिए, मैं साथ-साथ पूछता जाता हूँ. टाइम बचेगा. स्टार्टिंग की तार पतली क्यों होती है?”

मंगलाताईंची करंगळी वर झाली.

सरांनी क्षणभर त्या बोटाकडे पाहिलं आणि मवाळ आवाजात सांगितलं, “हो आइए मॅडम, बाहर बायीं तरफ है.”

खिडकीबाहेर कुणीतरी फिसकन हसलं. मंगलाताई उठल्या नाहीत. बत्तीस. तेहेतीस. सरांना वाटलं, संकोचल्या असतील. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मोटर उलटी फिरली तर काय कराल? करंगळी. कपॅसिटर कशासाठी? करंगळी. सरांनी टॅबलेटवर तीनदा टिचकी मारली. ‘उत्तर नाही’ म्हणून मारली, हे मंगलाताईंना न बघता कळलं.

एक्केचाळीस. कानाला सगळं ऐकू येत होतं आणि तिन्ही उत्तरं ओठांवर होती. बोलून टाकलं तर गुण मिळतील, फेरे जातील. ही मोटर तर परीक्षेची, कुठल्या शेतात जायची नाही. चुकली तर कुणाचं काय बिघडणार? शिवांगीची बस मात्र आज चुकेल. बेचाळीस. पण आज परीक्षेची मोटर म्हणून हात सैल सोडला, तर उद्या त्या बारा पोरींना कोणत्या तोंडाने सांगायचं? त्रेचाळीस. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

चौथा प्रश्न झाला तेव्हा जयसिंगरावांना राहवलं नाही. एकतीस वर्षांत जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. खिडकीच्या गजांत तोंड घालून ते ओरडले, “अगं, बोल की! सर नापास करतायत! तुला येतंय ते!”

मंगलाताईंनी मान वळवली नाही. करंगळी तेवढी खिडकीच्या दिशेने वर केली, आणि ही करंगळी नेहमीपेक्षा जरा ताठ होती. जयसिंगरावांनी तोंड गजांतून बाहेर काढलं. पूर्णिमाने डोळे मिटून घेतले.

पाचवाही प्रश्न झाला. मग फिरकी थांबली. मंगलाताईंनी तार तोडली, कॉइल दोऱ्याने बांधली, चष्मा वर सरकवला आणि शांतपणे म्हणाल्या, “चौऱ्याहत्तर. आता सांगते, सर. पहिला प्रश्न तारेचा होता ना? स्टार्टिंगचं काम क्षणाचं, म्हणून तार बारीक. दुसरा, मोटर उलटी फिरली तर स्टार्टिंगची दोन टोकं अदलाबदल करायची. तिसरा, कपॅसिटर. एका फेजची मोटर आपल्या आपण सुरू होत नाही, गुरगुरत बसते. तिला पहिला धक्का तो देतो. चौथा तुम्ही विचारला तेव्हा आमचे हे ओरडले, पण मी ऐकला. मोटर गरम का होते? व्होल्टेज कमी, बेअरिंग जाम, लोड जास्त. आणि एक कारण पुस्तकात नाही.”

“ते कोणतं?” गोपीनाथ सरांच्या तोंडून एकदम मराठीच निघालं. आईकडून ते खंडव्याच्या मराठी घरातले होते, हे नंतर कळलं.

“भरणाऱ्याशी कुणीतरी मध्येच बोललं.”

 सरांनी काउंटरवरचा कपटा हळूच सोलला. चौऱ्याहत्तर. कॉइल हातात घेऊन उलटसुलट पाहिली. एक तार दुसरीवर चढलेली नव्हती. मग पाचव्या प्रश्नाचं उत्तर ऐकून घेतलं आणि टॅबलेट उघडला.

“आता बदलता येतं का हो?” खिडकीतून दबका आवाज आला.

“येतं, साहेब. उमेदवाराचं बोट लागेपर्यंत फॉर्म बंद होत नाही.” सरांनी पाचही ठिकाणी खुणा बदलल्या आणि टॅबलेटला जोडलेलं छोटं यंत्र पुढे केलं. “अंगठा, मॅडम.”

“अंगठा नको,” मंगलाताई म्हणाल्या आणि त्यांनी करंगळी टेकवली.

पुढच्या उमेदवाराला सरांनी आधी काम पुरं करू दिलं आणि प्रश्न नंतर विचारले.

 परतीच्या वाटेवर राजवाड्यापाशी रिक्षा अडकली तेव्हा जयसिंगराव म्हणाले, “माझं चुकलं गं.”

“चुकलंच. छप्पन्नाव्या फेऱ्याला ओरडलात. बाबा असते तर तुम्हाला दुकानाबाहेर उभं केलं असतं.”

“मोजलास तोही?”

“मग काय करू?” आणि दोघंही इतकं हसले की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

अठ्ठावीस तारखेला पूर्णिमा धावतच दुकानात आली. हातात कागद. जयसिंगरावांनी तो वाचला, त्यांचे डोळे भरून आले, तोंड उघडलं, आणि आडोशामागून फिरकीचा आवाज ऐकून त्यांनी ते मिटलं. पूर्णिमा आडोशापाशी गेली. करंगळी वर. मग तिघंही तशीच थांबली: एक मोजत, एक कागद छातीशी धरून, एक नुसतीच धाप टाकत.

“बासष्ट,” आतून आवाज आला. “हां, आता सांग.”

“पास, काकू! नाव कळवलं पण. बाराच्या बारा जागा आपल्या. सोमवारी सुरू!”

मंगलाताईंनी कागद पदराला हात पुसून घेतला, दोनदा वाचला, सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवला. मग वळून म्हणाल्या, “अहो, सियागंजला जाऊन या. बारीक तारेची बारा रिळं लागतील. आणि कात्र्या बघून आणा, गेल्या खेपेसारख्या बोथट नकोत.”

आता त्या वर्गाला तीन महिने झालेत. परवा वरच्या कार्यालयातून एक अधिकारी जागा खरोखर भरल्या आहेत का ते पाहायला अचानक आले. पूर्णिमा त्यांना घेऊन दारात उभी राहिली. आत बारा फिरक्या फिरत होत्या. अधिकारी दमदार आवाजात म्हणाले, “नमस्ते बेटियों!”

एकीनेही वर पाहिलं नाही. खिडकीजवळच्या शिवांगीची डावी करंगळी आधी वर झाली, मग शेजारणीची, मग एकेक करत साऱ्यांची. अधिकाऱ्यांनी पूर्णिमाकडे पाहिलं. पूर्णिमाला घाम फुटला. तिने मंगलाताईंकडे पाहिलं, तर त्या भिंतीशी उभ्या राहून बोटं मोजत होत्या आणि ओठ दाबून हसत होत्या.

“बारा,” त्या अधिकाऱ्यांना हळूच म्हणाल्या. “सगळ्या हजर आहेत, साहेब. बसा ना. दोन मिनिटांत उत्तर देतील.”

साहेब बसले.