कॅनडातल्या मामाचे पाच गुण

शंभरपैकी माझी किंमत चव्वेचाळीस आहे. हे मी नम्रपणे म्हणत नाही, एका परदेशी सरकारच्या माणसाने तसं कागदावर मोजून दिलं आहे. आमच्या तुमसरात इतकी माणसं जन्मली, जगली, मेली, पण कुणाला असं तराजूत घातल्याचं मी ऐकलं नाही. मला घातलं. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तरी आठवण आली की माझं डोकं अजून तापतं.

तेव्हा मी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री होतो. चौदा वर्षं झाली होती. धान सोलणाऱ्या हलरचा आवाज जरा बदलला तर मी फाटकातूनच सांगत असे, आत पातं कुठे घासतंय ते. शेठ माझ्याशिवाय पट्टा बदलू देत नसत. आणि एके दिवशी त्याच शेठनी नवी मशीन आणली. तिच्यासोबत कंपनीचा एक माणूस आला, अंगात इस्त्रीचा शर्ट. दिवसभर तो मशीन बसवत होता आणि मी बाजूला उभा होतो. शेवटी त्याने माझ्याकडे न बघता हात मागे केला आणि म्हणाला, "जरा वो पाना देना."

मी पाना दिला. (फेकून मारला असं सांगायला मला आवडलं असतं.)

त्या दिवशी मी जेवलो नाही. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, ताट पुढे सरकवलं. "पाना त देल्ला ना? मंग जेवाले का झालं?"

"चौदा वर्साच्या मिस्त्रीले तो पाना मांगते, सुमन."

"मंग का डाक्टरले मांगन?"

हिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी मनाशी ठरवलं की जिथे मिस्त्रीला मिस्त्री म्हणून मान आहे अशा देशात जायचं. असा देश कोणता, हे मला हायस्कुलातल्या बोरकर सरांनी सांगितलं. सर इंग्रजी शिकवायचे आणि पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे.

"कॅनडा," सर म्हणाले. "तिथं मशीनवाले पाहिजेत. पण गुण मोजतात. वयाचे वेगळे, शिक्षणाचे वेगळे, हुनराचे, अनुभवाचे, भाषेचे. पन्नास भेटले का पास."

पन्नास ऐकून मला जरा धक्काच बसला. आमच्या शाळेत पस्तीसला पास करत आणि तेवढ्यासाठीसुद्धा मला दोन वर्षं लागली होती.

फॉर्म आला आणि आमच्या ओसरीवर तो भरायला सगळं घर जमलं. सर खुर्चीत, मी पायरीवर, आई भिंतीला टेकून, सुमन दारात. वयाचे दहापैकी दहा मिळाले, कारण मी पस्तिशीच्या आत होतो. (आयुष्यात पैकीच्या पैकी गुण मला एवढेच मिळाले, तेही नुसतं जन्माला वेळेवर आल्याबद्दल.) आयटीआयचे मिळाले, मिलमधल्या वर्षांचे मिळाले. इंग्रजीचे सरांनी हात आखडता घेत थोडे धरले. फ्रेंच नावाची एक भाषा असते आणि तिचेही गुण असतात, हे तेव्हा कळलं, ते गेले. हलरचा आवाज ओळखण्याचा रकानाच नव्हता. मी सरांना दोनदा शोधायला लावला.

बेरीज झाली बेचाळीस. आणखी दहा गुण मुलाखत घेणाऱ्या साहेबाच्या हातात होते, माणूस तिकडे निभावून नेईल की नाही हे पाहून तो ते द्यायचा.

"आणखी एक हाये," सर म्हणाले. "तिकडे नातेवाईक असला, भाऊ, बहीण, काका, मामा, तर पाच."

"मामा हाये ना," आई भिंतीला टेकूनच म्हणाली. "शालिक."

सगळं घर एकदम ताठ बसलं. शालिक आंधळगावचा. आंधळगाव आईचं माहेर. शालिकचं घर आईच्या माहेरच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सख्खी बहीण त्याला नव्हती, म्हणून लहानपणी आईच त्याला राखी बांधायची. पुढे तो शिकला, इंजिनियर झाला आणि कॅनडात एका पीठगिरणीच्या कारखान्यात लागला. आता आईच्या माहेरचा पुरुष माझा मामा नाही तर कोण? आमच्याकडे आंधळगावहून आलेल्या बैलबाजारातल्या दलालालासुद्धा मी मामाजी म्हणत आलो आहे.

"त्याले पत्र लिहून इचारावं का?" सर म्हणाले.

आई दुखावली. "आपल्याच मानसाले इचारतेत का, तू आमचा होय का म्हनून?"

सरांनी 'मामा' लिहिलं. बेचाळीस आणि पाच सत्तेचाळीस. आता साहेबाकडून दहातले तीन मिळाले की झालं. तीन तर काय, नीट बसलो तरी मिळतील, असं मला वाटलं.

पुढच्या रकान्यात भावंडांची नावं होती. मी सात भावांची नावं सांगितली. सर थांबले. "सात?"

"आमच्या घरी सातच हाये," मी म्हटलं. त्यात काय विचारायचं ते मला कळेना.

काही महिन्यांनी दिल्लीहून मुलाखतीचं पत्र आलं. मी बोरकर सरांचा कोट घातला. त्याच्या बाह्या मला तळहातापर्यंत येत होत्या. निघताना आईने चिन्नोर तांदळाची एक गाठोडी माझ्या हातात दिली.

"हे शालिकले."

"आई, मी दिल्लीले जाऊन राहिलो. मामा कॅनडात हाये."

"मंग दिल्लीहून जाते ना तिकडे कोनी ना कोनी. साहेबाले सांग, पोचवून दे म्हना."

वकिलातीतला साहेब लाल तोंडाचा आणि फार सभ्य होता. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, म्हणजे त्याचं इंग्रजीत आणि माझं हातवाऱ्यांत. इथे मी सगळं मराठीत सांगतो. मी आत गेलो, नमस्कार केला आणि आधी ओझं उतरवावं म्हणून गाठोडी त्याच्या टेबलावर ठेवली.

साहेब खुर्चीसकट मागे सरकला. "हे काय आहे?"

"तांदूळ."

"मी तुमच्याकडून काहीही घेऊ शकत नाही."

"तुमच्यासाठी नाही. मामासाठी आहे."

साहेबाने पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं. मला वाटलं, मामाचा पत्ता लिहून घेतोय. माणूस चांगला आहे असं माझं मत झालं.

मग त्याने माझा फॉर्म उघडला. "तुम्हाला सात भाऊ आहेत."

"हो."

"या सात जणांच्या वडिलांची नावं तीन वेगवेगळी आहेत." तो जरा थांबला. मग अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने त्याने विचारलं, "तुमच्या आईची लग्नं किती झाली?"

मी उभा राहिलो. कोटाच्या बाह्या मागे सारल्या. माझ्या आईबद्दल असं विचारणारा माणूस तुमसरात असता तर त्याला मी चालत घरी जाऊ दिलं नसतं. "माझ्या आईचं एकच लग्न झालं आहे. एकच! ते माझ्या काकांचे मुलगे आहेत."

"म्हणजे चुलत भाऊ."

"भाऊ," मी म्हटलं. "सोबत जेवलो, सोबत मार खाल्ला. चुलत कुठून आले?"

साहेबाने पाच नावांवर रेघ मारली. पाच भाऊ एका मिनिटात गेले आणि मी बघत राहिलो. मला खरंच वाईट वाटलं.

"आता तुमचे मामा," तो म्हणाला. "हे आईचे सख्खे भाऊ आहेत?"

"एकदम सख्खे."

"दोघांचे आईवडील एकच?"

"नाही. पण गाव एकच."

साहेबाने पेन खाली ठेवलं. मी त्याला शांतपणे समजावून सांगितलं की आईच्या माहेरच्या गावातले सगळे पुरुष मामा असतात.

"त्या गावात माणसं किती?"

"असतील चार-पाच हजार."

"आणि ते सगळे तुमचे मामा?"

"सगळे कसे? बायका मावश्या."

त्याने कपाळ चोळलं. मग दुसरी एक फाइल काढली. मी नाव-पत्ता दिला होता म्हणून त्यांनी शालिकमामाचे कागद तिकडून मागवले होते. त्याने बोट ठेवून मला दाखवलं. भावंडं या रकान्यात मामाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: एकही नाही.

माझ्या डोळ्यांपुढे आई आली, दरवर्षी राखी पाकिटात घालून त्यावर बोरकर सरांकडून पत्ता लिहून घेणारी. तिने एकही वर्ष चुकवलं नव्हतं. आणि हा तिकडे लिहितो, एकही नाही! त्या क्षणी मी पन्नास विसरलो, पाना विसरलो, कॅनडासुद्धा विसरलो.

"हा माणूस खोटं बोलला आहे," मी म्हटलं. "याला बहीण आहे. माझी आई. लिहून घ्या."

"त्यांनी सरकारला खोटी माहिती दिली असं तुमचं म्हणणं आहे?"

"शंभर टक्के."

"तुम्ही हे लिहून सही कराल?"

"दोन सह्या करतो."

आणि मी केल्या. एक इंग्रजीत, एक मराठीत, म्हणजे शंका राहायला नको.

साहेबाने सावकाश बेरीज केली आणि कागद माझ्याकडे फिरवला. माझे बेचाळीस तसेच होते. नातेवाईक: शून्य. आणि त्याच्या हातातल्या दहांपैकी: दोन. एकूण चव्वेचाळीस. चौदा वर्षं मिल चालवलेल्या माणसाला जगायची लायकी म्हणून दोन! तो जागचा उठला, हात मिळवला आणि गाठोडी परत माझ्या हातात दिली. तांदूळ नागपूरपर्यंत मांडीवर घेऊन मी परत आलो. शरम वाटत होती आणि शरमेपेक्षा राग जास्त होता.

घरी मी एवढंच सांगितलं की मामाने आपल्याला ओळख दिली नाही, म्हणून काम फसलं. दहातल्या दोनांची गोष्ट मी कुणाजवळच काढली नाही. पुढच्या राखीला आईने पाकीट मात्र पाठवलंच. ते टपालात टाकायला मी चक्क नकार दिला.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात शालिकमामा गावी आला आणि थेट आमच्या दारात उभा राहिला. आईने पाय धुवायला पाणी दिलं, डोळे पुसले, पाट मांडला. मी खांबाला टेकून उभा राहिलो. खोटारड्याशी बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

दोन घास खाऊन तोच म्हणाला, "नामदेवराव, तुमच्या सह्या लय झकास हायेत."

मी तोंड फिरवलं.

"तुमच्या त्या कागदापायी मले चार खेपा माराव्या लागल्या हापिसात. इचारत होते, बहीन लपवली का म्हनून. नोकरी जाते का राहते, अशी पाळी आली."

"मंग तुमी का सांगतलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"खरं सांगतलं. आईच्या पोटची नाही, राखीची हाये. आतापर्यंतच्या राख्या नेऊन दाखवल्या टेबलावर. एकही फेकली नव्हती मी. ते हासले अन् फाइल बंद केली."

आईने पदर तोंडाला लावला. मी माझा खांब जरा घट्ट धरला.

"अन् आयका," मामा आमटीत भात कालवत म्हणाला. "आमच्या कारखान्यात तवा मिस्त्री पाहिजे होता. मालक मले म्हने, तुह्या गावाकडचा कोनी हाये का? नोकरीचं पत्र असलं का दहा गुन वेगळे भेटतेत. मले तुमचंच नाव सुचलं, बहिनीचा पोरगा मिलमंधी हाये म्हनून. पत्र लिहाले बसलो होतो. तेवढ्यात तुमची तक्रार आली."

"मंग?"

"मंग म्हटलं, जो मानूस मामाची तक्रार सरकारात करते, तो मालकाची किती करन? ठेवून देल्लं पत्र."

चव्वेचाळीस आणि दहा. ही बेरीज मला बोरकर सरांशिवाय करता आली. सुमन दारातून माझ्याकडे बघत होती. तिची नजर मला पुढची काही वर्षं पुरली. आता काहीतरी बोलणं भाग होतं. मी सगळा राग गोळा केला आणि जो तिथे हजर नव्हता त्याच्यावर काढला.

"मामाजी, तुमचा काही दोष नाही," मी म्हटलं. "सारा दोष त्या साहेबाचा. आई, तुले मी सांगतलं नाही आजवर. मानूस कसा हाये, हे पाहून दहा गुन होते त्याच्या हातात. माह्याशी घंटाभर बोलला. अन् मले देल्ले किती? दोन. दहापैकी दोन!"

मामाने जेवण थांबवलं. आई पळीने त्याला आमटी वाढत होती. तिने पळी परत भांड्यात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे, खरोखरच कळत नसल्यासारखं.

"दोन तरी कायचे देल्ले बाप्पा?"