थरथरणाऱ्या शिरोरेषा

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कुंभकोणमात लग्नांच्या व्हिडिओ सीडी करून देण्याचा माझा धंदा नुकताच मार्गी लागला होता. त्या वर्षी आत्या मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळली आणि जवळच्या मरुदानल्लूरच्या मठातलं वार्षिक भजन तिला पहिल्यांदाच चुकलं. तिनंच मला लहानाचं मोठं केलेलं. दरवर्षी मी तिला स्कूटरवरून तिथं पोचवायचो आणि दुसऱ्याच पदाला उठून कामावर पळायचो. या वेळी तर तिच्यासाठी भजनाचं चित्रीकरण करायलाही भागीदाराला पाठवलं; मी पापनाशम्‌च्या एका लग्नात होतो. ते मनाला लागून राहिलं. निदान सीडी तरी सुरेख करून द्यावी, म्हटलं.

सुरुवातीला पदांच्या यादीचा मेनू केला. मागं भजनी मंडळींचा फोटो, वर देवनागरीत पदांची नावं. आमच्या घरात बोलणं मराठी, शाळा तमिळ; पण पोथ्या वाचून आत्याला ती लिपी येत होती. रिमोटवर आकडा दाबला की ते पद लागायचं. संगणकावर सगळं झकास दिसलं. आत्याच्या टीव्हीवर मात्र चेहरे पुसल्यासारखे, अक्षरं भिजल्यासारखी.

"ही काय भुतं बसलीत रे भजनाला?"

"तुझा टीव्ही जुना झालाय, आत्या."

"अस्सं? काल बातम्या सांगणारीच्या नाकातली चमकीसुद्धा दिसली मला."

खोटं बोलून निघालो, पण वाटेतच लाज वाटली. स्टुडिओत बसून शोधलं. सॉफ्टवेअर मेनूचं चित्र निम्म्या आकाराचं करून साठवत होतं आणि पडद्यावर ते ताणलं जात होतं. मोठ्या चित्राचा पर्याय निवडला. चेहरे उजळले, पण आता शिरोरेषा थरथरू लागल्या. खाली तमिळमध्ये लिहिलेलं गावाचं नाव तेवढं स्थिर. त्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते. टीव्ही चित्राच्या ओळी एकाआड एक रंगवतो, त्यामुळं बारीक आडवी रेघ लुकलुकते, हे तेव्हा उमगलं. अक्षरं जाड केली, कडा किंचित मऊ केल्या, पांढऱ्याऐवजी फिकट पिवळा रंग दिला. रेषा शांत झाल्या.

आत्यानं चष्मा लावून सगळी नावं मोठ्यानं वाचली.

"छान केलंस. पण हे कशाला?"

"हवं ते पद थेट लावता येतं."

"भजनात मधलं सोडून पुढं जातात होय? ही सोय तुझ्यासारख्याला. दुसऱ्या पदाला चपला शोधणाऱ्याला."

तिनं रिमोट माझ्या हातात दिला. "एक दाब. आणि बस."

दुसऱ्या पदाला सवयीनं मनगटाकडं बघितलं. तिनं मान न वळवता पुन्हा म्हटलं, "बस." आरतीपर्यंत बसलो. शेवटाकडं आत्याचा आवाज कसा चढतो, ते मी तोवर ऐकलंच नव्हतं. अंथरुणावरूनही तो चढला.

"पुढच्या वर्षी स्कूटर नको," ती म्हणाली, "मोटार आण."

आणली. तिला हाताला धरून मठात नेण्याआधी माझ्या चपला मी मोटारीतच काढून ठेवल्या.