वसंतरावांच्या हॉलमधले बोंबील

झेंडू आणि तापलेले प्लास्टिक यांचा एकत्र वास कुठे आला, की मला अजून पनवेल आठवते. घरात संगणक असणे म्हणजे हत्ती पाळल्यासारखे वाटे, त्या नव्वदीच्या वर्षांतली ही गोष्ट.

पुण्याहून निघाले ती खंडेनवमीची सकाळ होती. घाट उतरताना एसटीच्या खिडकीतून भाताच्या लोंब्यांचा दुधट गंध आत येत होता. पनवेलला उतरले आणि हवा ओल्या टॉवेलासारखी अंगाला बिलगली. धाकट्या बहिणीने, नलूने, हार आणायला सांगितला होता. स्टँडबाहेरच्या फुलवालीने विचारले, "कशाला पायजे? गाडीला का मशीनला?"

"भाचीच्या कॉम्प्युटरला."

"टीवीवानी असतो त्यो? मंग मोठा न्या, बाय. डोका मोठा हाय त्याचा. लहान हार बसायचा नाय."

तिचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले. नव्या पनवेलातल्या नलूच्या ब्लॉकमध्ये संगणक नवरदेवासारखा सजला होता. पडद्याला हार, कीबोर्डावर हळदकुंकू, माउसला गंध, पुढे साखरेची वाटी आणि वाटीकडे निघालेली मुंग्यांची रांग. माझी भाची वर्षा मात्र दाराशी रडवेली उभी होती.

"मावशी, आज दुपारी सबनीस येणार आहेत गं!"

सबनीस अंधेरीला मुलांसाठी संगणकावरचे खेळ तयार करून विकत. सणाला महाडच्या घरी जाताना वाटेत थांबून ते वर्षाने रचलेला खेळ पाहणार होते. पसंत पडला तर तिला नोकरी देणार होते. आणि पूजेला मांडलेले हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत चालवायचे नाही, हा आमच्या माहेरचा नेम.

"मी आज विळीला हात लावला नाही," नलू म्हणाली, "मग याचेच काय एवढे लाड?"

तिचे यजमान वसंतराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. ते वर्तमानपत्राआडून बोलले, "बरंच झालं. पहिल्या तारखेला बँकेत रुजू व्हायचंय तिला. सबनीस हो म्हणाले, तरी मी हो म्हणायचा आहे. खेळ रचणं हा काय धंदा झाला?"

जेवताना मी वर्षाला विचारले, "खेळ चांगला कशाने होतो गं?"

"हरल्यावर खेळाचा राग येता कामा नये. माझंच चुकलं, आता जमेल, असं वाटलं पाहिजे."

मी जन्मभर कवितेच्या वृत्ताछंदांत वावरलेली. पहिली ओळ संपताच कानाला यमकाची जी ओढ लागते, तीच ही मुलगी बोटांना लावू पाहत होती. पुरणातले जायफळ जिभेवर रेंगाळत होते, तोच ती ताटावरून उठली. "आई, पूजेत कॉम्प्युटर आहे. खेळ नाही!"

तिने हॉलभर रांगोळीने चौकटी आखल्या आणि गुडघाभर उंचीवर एक दोरी बांधली. खेळ होता करंजाच्या बंदरातला. दोरीवर बोंबील वाळत आहेत, कावळा आणि मांजर ते पळवतात, कोळ्याने ते राखायचे. खेळणाऱ्याने खुर्चीत बसून कोळ्याला हुकूम सोडायचे. शेजारचे सुभेदार आजोबा छत्री उघडून कावळा झाले, मी मांजर. कोळी व्हायला वसंतरावांखेरीज कुणी उरले नाही.

"मी? बनियनवर?"

"मग कोळी काय टाय लावून उभा राहतो?" नलू म्हणाली. बोंबील गेला की घंटा वाजवायचे काम तिच्याकडे होते.

सणाच्या दिवशी घरात मासळीचा विषय नको, म्हणून बोंबलांच्या जागी मोजे ठरले. ते पुरेनात, तेव्हा दारात बूट काढणाऱ्या सबनीसांचेही वर्षाने मागून घेतले. ते बिचारे गोंधळून अनवाणी खुर्चीत बसले.

"डावीकडे!" ते चाचरत म्हणाले. वसंतराव डावीकडे निघाले आणि चालत चालत कपाटावर आदळले.

"अहो, थांबायचं ना!"

"थांबा म्हणाला नाहीत तुम्ही!" हुकमाशिवाय न हलणे आणि न थांबणे नोकरीने त्यांच्या अंगी मुरवले होते.

आजोबांनी छत्री फडफडवून काव काव केले. सबनीसांचे लक्ष तिकडे गेले आणि मी रांगत निघाले. तळव्यांना रांगोळीची खरखर, नाकाशी फिनेलचा वास. शेवटचे दोन बोंबील मी दातांत धरले तेव्हाच कळले, की ते सबनीसांचे होते. घंटा वाजली.

सबनीसांनी कपाळाला हात लावला. "कावळ्याकडे बघत बसलो. माझंच चुकलं."

ते ऐकून वर्षाने माझा हात घट्ट दाबला.

त्यानंतर खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला आणि सबनीस हरत राहिले. अखेर मोजे चढवता चढवता म्हणाले, "वर्षा, सोमवारी फ्लॉपी घेऊन ऑफिसात ये. नोकरी तुझीच." आम्ही सगळ्यांनी वसंतरावांकडे पाहिले. शेवटच्या हुकमाने उभे केले होते त्याच चौकटीत ते घामाने निथळत उभे होते.

दसऱ्याला, गुडघ्यांना बाम चोळून, मी परतीची एसटी धरली. घाटात काचेवर धुके साचत होते. खेळ रचणाऱ्यांचे पुढे काय होणार, हे मला कसे सांगता यावे? कवितेला लागले तेव्हा माझेही कुणाला सांगता आले नव्हते. पण सबनीसांची गाडी गेल्यानंतरचा तो क्षण त्या धुरकट काचेत मला पुन्हा दिसला. वसंतराव आत गेले. कचेरीत घालायचे आपले मोजे आणून त्यांनी रिकाम्या दोरीवर नीट टांगले. "वर्षा, माझ्या जागी तू उभी राहा," असे म्हणत खुर्चीत बसले. मी चहा टाकायला उठत होते. माझ्याकडे, त्या चोरट्या मांजराकडे, बोट रोखून ते म्हणाले,

"पुन्हा!"