बिरूच्या पिकअपचं नवं इंजिन

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात, गाड्यांच्या वर्कशॉपला. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. मेढ्याकडचा. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, परीक्षा नोकरीत राहूनच दिल्या. नाईक बिरू ड्रायव्हर, जतकडच्या मेंढपाळाचा मुलगा. मला उस्ताद म्हणायचा.

वर्कशॉपचा नियम होता: इंजिन बदललं की बसवणाऱ्यानंच ट्रायलला ड्रायव्हरशेजारी बसायचं. निघताना बिरू खिडकीतून हात काढून दारावर दोन थापा मारायचा. ती त्याची निघायची खूण.

एका सकाळी तशाच थापा मारून तो रेशन घेऊन वरच्या चौकीकडं निघाला. वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला, "पूल पार केला. ओव्हर." पुढच्या कॉलला उत्तर नाही. दरड आली होती, बिरू तिच्याखाली गेला.

मी रिटायर होऊन घरी आलो. यंदा त्याच्या वडिलांचा, आबांचा फोन आला. बिरूची जुनी पिकअप बंद पडली होती. दम्यामुळं आबांना चालणं झेपत नाही. पिकअप पुढं, तिच्या आवाजावर कळप मागं, असं चाललेलं. गाडी नाही तर मेंढरं विकायची.

मी त्यांच्या गावी गेलो. जुनं इंजिन जाम, पार्ट मिळेनात. आरटीओची परवानगी काढून भंगारातल्या जीपचं इंजिन आणलं. इंजिन बसवायचं माउंटिंग जुळेना, कापून वेल्डिंग केलं. शेवटी एका किल्लीत सुरू झालं.

"गाडी फिट, आबा."

"मंग बस शेजारी. तुमचा नियम बिऱ्यानं सांगितलाय मला."

गाडी निघाली आणि मेंढरं उलटीकडं पळाली.

"आवं, आवाज तर बेस हाय," मी म्हणालो.

"तुला बेस. त्यास्नी ह्यो कोण कुठला!"

"सायलेन्सर बदलू का?"

"बी.ए. झालास न्हवं? इचार की मेंढरास्नी."

मी गोंधळलो. नंबर तोच, बॉडी तीच. असा फॉल्ट वर्कशॉपमध्ये कधी आला नव्हता. पाना कुठं लावायचा?

आबांनी गाडी थांबवली. मग हात बाहेर काढून दारावर दोन थापा मारल्या.

पुढची मेंढी थबकली, वळली. तिच्यामागं कळप वळला.

"आबा, ही थाप?"

"बिऱ्याची. सुट्टीवर आला की अशीच मारून न्यायचा त्यास्नी. इतके दिस मला गरज पडली न्हाई."

"म्हंजी घरनंच शिकून आलावता व्हय?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "म्या तर समजत हुतो, तुमी शिकवली."

गाडी पहिल्या गिअरमध्ये चालली होती. मागं सगळी मेंढरं होती. खरं काय ते नाईक बिरूलाच ठाऊक, आणि तो पुलाच्या वरच्या अंगाला राहिला.